आल्प्सच्या खिंडींतून तीन दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपण कुणा ना कुणा विद्वान बाईंना बोलावतो आणि चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकून घरी जातो. यंदा आपल्या चिटणीसबाईंनी फर्मान काढले की, "तुम्ही स्वित्झर्लंड पाहून आलात, तुम्हीच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय हळदीकुंकवाच्या वेळी "बायांनो, वाण घेतल्याशिवाय जाऊ नका" एवढे सांगण्यापुरती. पण पाहिले ते सांगायला पदवी लागत नाही, असे आमचे हे म्हणाले, म्हणून धीर करून उभी आहे.

माझी भाची आणि जावई झुरिक शहरात नोकरीला असतात. भाचीच्या बाळंतपणाला आमच्या ताईला जाणे झेपण्यासारखे नव्हते, म्हणून मी गेले होते. तेव्हा देश पाहिला तो खिडकीतून. बाकी डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाची झबली. नंतर भाची म्हणाली, "मावशी, तेव्हा राबायला आलीस, आता पाहुणी म्हणून ये." २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने तिकीट पाठवले, आणि तिथे तीन दिवस आम्ही मोटारीने आल्प्सच्या घाटांतून हिंडलो. त्या तीन दिवसांचेच आज सांगते.

आपण वाईकर. पसरणीचा घाट आपल्या अंगणातला. पाचगणी-महाबळेश्वरला जाताना पोटात ढवळू नये म्हणून आवळासुपारी तोंडात धरायची, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट, आणि आम्ही ज्या खिंडी ओलांडल्या त्या सात-आठ हजार फुटांच्या. त्यातली फुर्का खिंड २,४२९ मीटर उंच. हे रस्ते वर्षभर खुले नसतात. हिवाळ्यात बर्फ पडले की बंद होतात, ते साधारणपणे मे-जूनमध्ये बर्फ कापून काढल्यावर उघडतात. आपला घाट पावसाळ्यात अडतो, त्यांचा हिवाळ्यात.

पहिल्या दिवशी आम्ही गॉटहार्डच्या बाजूला निघालो. उत्तरेकडून इटलीकडे जाण्याची ही फार जुनी वाट. या वाटेवर शोलेनेन नावाची घळ आहे. दोन्ही बाजूंना काळे कडे, खाली रॉइस नदी नुसती गरजते, आणि तिच्यावर पूल. त्याला म्हणतात सैतानाचा पूल. त्याची गोष्ट आपल्या आजीने सांगावी तशी आहे. तिथल्या लोकांना काही केल्या पूल बांधता येईना. सैतान म्हणाला, "मी बांधून देतो, पण पुलावरून पहिला जो जाईल तो माझा." लोकांनी कबूल केले, पूल झाला, आणि शहाण्यांनी पहिल्यांदा पुढे हाकलला तो बोकड! सैतान संतापला आणि पूल फोडायला एक भलाथोरला धोंडा घेऊन आला. वाटेत दमून टेकला, तेवढ्यात एका म्हातारीने त्या धोंड्यावर क्रूस काढला. मग तो काही त्याला उचलवेना. तो धोंडा आजही गोशेनेन गावाजवळ दाखवतात. मोठा रस्ता करताना आड येत होता, तर फोडला नाही. १९७० नंतरच्या त्या काळात शंभरावर मीटर बाजूला सरकवून ठेवला. मला ती म्हातारी फार आवडली. सारा गाव चिंतेत असताना तिने जवळ होते तेवढ्यानेच काम भागवले.

सैतानाची गोष्ट गोष्टीतच राहिली. पुढची कामे माणसांनी केली आणि माणसांनीच त्यांची किंमत दिली. गॉटहार्डच्या पोटातून आगगाडीचा पंधरा किलोमीटरचा बोगदा १८८२ साली सुरू झाला. तो खणताना सुमारे दोनशे मजूर दगावले, बहुतेक इटलीहून पोटासाठी आलेले. मोटारींचा जवळजवळ सतरा किलोमीटरचा बोगदा १९८० साली झाला, आणि २०१६ साली सत्तावन्न किलोमीटरचा आगगाडीचा नवा बोगदा उघडला, तो जगातला सर्वांत लांब. आपला खंबाटकीचा बोगदा डोळे मिटून उघडेपर्यंत संपतो. इथे मनुष्याने डबा उघडून जेवण आटोपावे.

मजुरांची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आपल्या खंडाळ्याच्या बोरघाटाची आगगाडी १८६३ साली सुरू झाली. तिथेही हजारो मजूर पटकीने आणि अपघाताने गेले. त्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने परत न जाता ते कंत्राट स्वतःकडे घेतले, दोन जाणते इंजिनियर नेमले आणि काम तडीस नेले. पुण्याहून मुंबईला जाताना आपण भुयारे मोजतो, पण त्यामागे एक बाई उभी होती हे किती जणींना ठाऊक आहे? मलाही जावयाने मोटारीत सांगितले तेव्हा कळले.

आम्ही बोगद्याने गेलो नाही, वरून गेलो. पलीकडच्या उतारावर जुना रस्ता आहे, ट्रेमोला नावाचा. १८३० च्या सुमाराचा. डांबर नाही, हाताने बसवलेले दगडी चिरे, आणि एकावर एक चोवीस वळणे. वरून पाहिले तर डोंगरावर कुणी पांढरी नाडी सोडून दिल्यासारखी दिसते. एकेक वळण म्हणजे केसांचा आकडा. मोटार थडथडत होती आणि मी रामरक्षा म्हणत होते. भाची हसली, पण माझी संपल्यावर तिनेही "पुन्हा म्हण" म्हटले!

घाटात मोटार हाकण्याच्या तिथल्या शिस्तीबद्दल सांगितलेच पाहिजे. अरुंद जागी दोन मोटारी समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने थांबायचे, आणि जमत नसेल तर सहसा त्यानेच मागे जायचे, कारण चढणाऱ्याला थांबून पुन्हा चढणे अवघड. हा नियम आपल्याकडेही आहे, फक्त पाळायचा राहून जातो. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरायचा नाही, खालचा गिअर टाकायचा. नाहीतर ब्रेक तापून निकामी होतो. आणि तिथल्या टपालखात्याच्या पिवळ्या बसगाड्या आहेत, त्यांचा घाटात मोठा मान. आंधळ्या वळणाआधी त्या तीन सुरांचा भोंगा वाजवतात. ते सूर रॉसिनी नावाच्या संगीतकाराच्या 'विल्यम टेल' नाटकातल्या संगीतावरून घेतलेले. भोंगा ऐकू आला की सगळे निमूटपणे कडेला. बसचा चालक सांगेल तसे करायचे, असा त्या रस्त्यांवर कायदाच आहे. कुणी काच खाली करून भांडले नाही, हे पाहून मला चुकल्याचुकल्यासारखे झाले.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष प्रवासवर्णनात लिहीत नाहीत. आम्ही थांबलो त्या प्रत्येक खिंडीवर स्वच्छतागृह होते, आणि स्वच्छ होते. गावोगाव लाकडी नाहीतर दगडी डोणीत झऱ्याचे पाणी पडत असते आणि ते खुशाल प्यायचे. पिण्याचे नसेल तिथे तशी पाटी असते. घरून निघताना "पाणी कमी पिऊ, वाटेत सोय नसेल" असे मनाशी म्हणावे लागले नाही. मैत्रिणींनो, बाईमाणसाला प्रवास सुखाचा होतो तो बर्फाने नव्हे, यानेच होतो. महाबळेश्वरच्या रस्त्यावर आपल्याला हे का मिळू नये?

पहिली रात्र अँडरमाट गावी काढली. पूर्वी लष्कराचे गाव. आता एका इजिप्तच्या धनिकाने तिथे मोठमोठी हॉटेले उठवली आहेत. त्यातले पहिले २०१३ साली उघडले. आम्ही राहिलो ते साध्या खोलीत, आणि माझ्या थालिपिठाच्या भाजणीने रात्र साजरी केली. सकाळी गावामागे पाहिले तर सगळा डोंगर उघडा हिरवा, आणि मध्ये त्रिकोणी तुकड्याएवढेच दाट रान. मी विचारले, एवढीच झाडे का? तेव्हा कळले की ते राखलेले रान आहे. १३९७ साली त्या खोऱ्यातल्या लोकांनी लेखी ठराव केला की, या रानातली काडीसुद्धा कुणी तोडायची नाही. कारण ते रान गेले तर वरचा बर्फाचा कडा थेट घरांवर येईल. सव्वासहाशे वर्षे झाली, ठराव पाळला जातो आहे. आपल्याकडे देवाच्या नावाने देवराई राखतात, तिथे कागदाच्या जोरावर राखली; भाव तोच. पूर्वजांना विज्ञानाची पुस्तके नव्हती, पण डोंगराखाली राहायचे तर डोंगराचे ऐकावे लागते, एवढे कळत होते.

दुसऱ्या दिवशी फुर्का खिंड. वळणावर एक रुंद जुने हॉटेल एकटे उभे आहे, बेल्वेदेर नावाचे, १८८२ सालचे. त्या काळी साहेबलोक घोड्याच्या गाडीने येत आणि खिडकीत बसून समोरची ऱ्होन हिमनदी पाहत. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साठून दगडासारखे झालेले बर्फ, जे डोंगरावरून अगदी हळू खाली सरकते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही हिमनदी पार खालच्या ग्लेच गावाच्या तळापर्यंत उतरलेली होती. आता ती वर वर सरकत इतकी मागे गेली आहे, की तिच्या पुढ्यात नुसते तळे साठले आहे आणि खाली उघडे खडक. हॉटेल २०१५ साली बंद झाले. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या.

जे पाहून माझ्या पोटात कालवले ते पुढे. उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून हिमनदीच्या कडेला पांढरी जाड कापडे पांघरतात. प्रवाशांना दाखवायला बर्फात गुहा कोरतात, ती टिकावी म्हणून. लांबून वाटले, आजारी माणसाला कुणी गोधडी पांघरली आहे. गोधडी फाटलेली, मळलेली, आणि खालून थेंब थेंब पाणी ठिबकते आहे. याच पाण्याची ऱ्होन नदी होते आणि फ्रान्समधून थेट भूमध्य समुद्राला मिळते. किती गावे, किती शेते त्या पाण्यावर असतील! जगाची हवा तापते आहे असे आपण बातम्यांत ऐकतो आणि भाजी परतायला उठतो. तिथे उभी राहिले तेव्हा ते डोळ्यांनी दिसले.

फुर्क्यावरून उतरून समोरच्या ग्रिमझेल खिंडीत चढलो. तिथे दगड आणि धरणे. विजेसाठी एकावर एक तळी अडवलेली, पाणी दुधाळ हिरवे. आपल्या कोयनेची आठवण झाली. मग खाली उतरत उतरत देवदारासारखी झाडे, मग गवताची कुरणे, मग गायींच्या घंटा. उन्हाळ्यात गायी वर डोंगरावर नेतात, तिथेच दूध काढून चीज करतात आणि थंडीच्या आधी फुलांच्या माळा घालून मिरवत खाली आणतात. आपला बैलपोळाच जणू.

मुक्काम ग्रिंडेलवाल्डला. समोर आयगर पर्वताची भिंत सरळ उभी. लाकडी घरे, खिडकीखिडकीत लाल फुले, घराच्या भिंतीशी जळणाची लाकडे अशी रचलेली की आपल्या फडताळातली भांडी. शेजारच्या युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटर उंचीवर आगगाडी जाते, ती १९१२ पासून. तिकिटाचा आकडा ऐकून मी म्हटले, डोंगर खालूनही तेवढाच दिसतो! एक कप कॉफी पाच फ्रँक, म्हणजे पाचशे रुपयांच्या वर. मी मनात रुपये करून पाहणे सोडले, तेव्हाच ती गोड लागली.

ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या. सकाळी स्वतः ब्रेड कापत होत्या. मदतीला पोर्तुगालहून आलेली एक मुलगी, दोन लेकरे मागे ठेवून. फोनवर त्यांचे फोटो दाखवताना तिचे डोळे भरले. थंड हवेच्या सुंदर गावात चादरी बदलणाऱ्या बायका दुरून आलेल्या असतात, हे पाचगणीतही तसेच आणि तिथेही तसेच.

भाचीच्या मध्यस्थीने मी बाईंशी पुष्कळ बोलले. मी म्हटले, तुमच्याकडच्या बायका किती पुढारलेल्या! त्या हसल्या. म्हणाल्या, "माझी आई पंचेचाळीस वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा मत द्यायला गेली." मला खरे वाटेना. मग समजले की, स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या कारभारात मताचा अधिकार १९७१ साली मिळाला. त्याआधी १९५९ साली पुरुषांनीच मतदान करून तो नाकारला होता. अपेन्झेल नावाच्या एका लहान प्रांतात तर स्थानिक कारभारातले मत १९९० साली न्यायालयाने द्यायला लावले. आपल्या आज्या-पणज्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बोटाला शाई लावून आल्या होत्या! आणि याच आल्प्समध्ये लूसी वॉकर नावाची इंग्रज बाई १८७१ साली मॅटरहॉर्नच्या शिखरावर चढली होती, तेही झगा घालून. बाई शिखरावर पोचल्यानंतर शंभर वर्षांनी तिथल्या बायका मतपेटीपाशी पोचल्या. तेव्हा मैत्रिणींनो, जे आपल्याला आयते मिळाले त्याची किंमत ठेवा, आणि ग्रामसभेच्या दिवशी डोके दुखते म्हणून घरी बसू नका.

तिसऱ्या दिवशी इंटरलाकेन. तिथे यश चोप्रांचा पुतळा आहे, २०१६ साली बसवलेला. आपल्या सिनेमांनी आपली माणसे तिकडे लोटली, त्याची ती पावती. जवळच तळ्याकाठी इझेल्टवाल्ड हे चिमुकले गाव. एका कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि इतकी गर्दी लोटली की २०२३ पासून धक्क्यावर जायला पाच फ्रँक घेऊन फिरते दार लावावे लागले. पाहुणा हवा असतो, पण पाहुण्यांनी घर भरले की घरच्याला बसायला जागा उरत नाही. मे महिन्यात महाबळेश्वरच्या बाजारात भाजी आणायला निघालेल्या बाईला विचारा!

परत येताना सुस्टेन खिंड. हा रस्ता १९४६ सालचा, मोटारींसाठीच बांधलेला, म्हणून वळणे ऐसपैस. खाली वासेन गावाचे टेकडीवरचे देऊळ दिसते. जुन्या आगगाडीतून ते तीनदा दिसते, कारण गाडी बोगद्यातून गोल गोल फिरत चढते. इथे प्रवासवर्णन संपते.

पण एक गोष्ट उरली, आणि तीच सांगायची म्हणून मी आज उभी राहिले. ग्रिंडेलवाल्डच्या बाईंनी दक्षिणेकडच्या डोंगरांकडे हात करून सांगितले की, त्यांच्या पलीकडे, लोच नावाच्या खोऱ्यात, ब्लाटेन म्हणून गाव होते. २०२५ च्या मे महिन्यात गावावरच्या डोंगरातून दगड सुटून खालच्या हिमनदीवर पडू लागले. डोंगरावर नजर ठेवणाऱ्यांनी सांगितले, गाव सोडा. १९ मे रोजी तीनशे माणसे घरदार सोडून निघाली, जनावरेही हलवली. एक जखमी गाय तर हेलिकॉप्टरने उचलून नेली. २८ मेच्या दुपारी अख्खी हिमनदी कोसळली आणि बहुतेक सगळे गाव गाडले गेले. घरे, देऊळ, फुलांच्या खिडक्या, काही उरले नाही. एका माणसाचा मात्र जीव गेला. बाकी सगळे वाचले.

हे ऐकताना मला माळीण आठवले, २०१४ चे. तळीये आठवले, आणि आपल्याच जिल्ह्यातली आंबेघर आणि मिरगाव, २०२१ ची. इर्शाळवाडी, २०२३ ची. त्यातल्या बहुतेक ठिकाणची माणसेही रात्री जेवून, पोराबाळांना पांघरूण घालून निजली होती. त्यांना कुणी "निघा" म्हटले नाही, किंवा म्हटले ते वेळेत पोचले नाही. डोंगर तिथेही कोसळतो आणि इथेही कोसळतो. पैसा त्यांच्याकडे जास्त, यंत्रे जास्त, हे खरे. पण पहिला दगड घरंगळला तो कुणीतरी पाहिला, सांगितला, आणि ऐकणाऱ्याने ऐकला. त्याला फार पैसा लागत नाही.

आपल्यापैकी कितीजणींची माहेरे डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत आहेत! म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी अशा वाड्यांची यादी करावी. प्रत्येक वाडीतली एक बाई नेमावी, जिच्याजवळ फोन आहे. तिने एवढेच पाहायचे: जमिनीला नवी भेग पडली का, झाड किंवा विजेचा खांब कलला का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले का, घराचे दार चौकटीत अडकू लागले का. असे काही दिसले तर तिने मंडळाला कळवावे, आणि आपण तहसील कचेरीचा पिच्छा पुरवावा. पिच्छा पुरवणे आपल्याला येते. मुलांच्या अभ्यासाचा आणि नवऱ्याच्या औषधाचा आपण रोजच पुरवतो. आणि ज्या रात्री माणसे हलवायची वेळ येईल त्या रात्रीसाठी मंडळाचे हे सभागृह, सतरंज्या आणि लग्नाची मोठी पातेली तयार असावीत. पिठलेभात रांधायला मी येईन.

ज्या भगिनींना हे पटेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत आपले नाव आणि वाडीचे नाव लिहून जावे. पहिले नाव मी लिहून आले आहे.